खोडव्यातील पाचट दरवर्षी कुजत नाही आणि ऊस पिवळा पडतो: दोष नेमका कुठे शोधावा

खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारे पीक, ठेवणाऱ्या बहुतेक शेतकऱ्यांना ही तक्रार परिचयाची असेल. जानेवारीत ऊस तुटतो, पाचट (उसाची वाळलेली पाने) न पेटवता सरीत लोटले जाते, त्यावर युरिया, सिंगल सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धक टाकून पाणी दिले जाते, आणि तरीही एप्रिलच्या अखेरीस सरीत हात घातला तर वरचा थर राखाडी झालेला, पण आतले पान पिवळे, चरचरीत आणि जवळपास टाकले तसेच सापडते. त्याच वेळी खोडव्याची पाने फिकट पडलेली असतात आणि फुटवा शेजाऱ्याच्या पाचट पेटवलेल्या रानापेक्षा मागे दिसतो. दोन-तीन वर्षे असे झाले की ‘आमच्या रानात पाचट कुजतच नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि काडी ओढली जाते. माझ्याही रानात सलग तीन हंगाम हेच झाले. त्या तीन वर्षांत मी तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून संवर्धक आणले आणि प्रत्येक वेळी दोष संवर्धकालाच दिला. आता माझे मत असे झाले आहे की अशा तक्रारीत संवर्धकाचा संशय सर्वांत शेवटी घ्यावा. आधी ओलावा पाहावा, मग मातीशी संपर्क, मग नत्र. या तीन गोष्टी तपासून झाल्यावरच संवर्धकाच्या पिशवीकडे वळावे.

हा क्रम का, हे समजण्यासाठी पाचट कुजते म्हणजे काय होते ते थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. सूक्ष्मजीवांना तोंड नसते. ट्रायकोडर्मा किंवा ॲस्परजिलस यांसारख्या बुरशी, बॅसिलससारखे जिवाणू आणि ॲक्टिनोमायसिटीस आपली विकरे (एन्झाइम) शरीराबाहेर सोडतात, ती विकरे पाण्याच्या पातळ थरातून पानाच्या पेशीभित्तिकेपर्यंत पोहोचतात, तेथे सेल्युलोजच्या लांब साखळ्या तोडून त्यांची साधी साखर करतात, आणि ती विरघळलेली साखर पुन्हा त्याच पाण्यातून सूक्ष्मजीवाच्या पेशीत शोषली जाते. म्हणजे जेवण वाढण्याचे ताटही पाणी आणि जेवण नेणारा हातही पाणीच. पाचटातील विद्राव्य साखरा व प्रथिने पहिल्या काही आठवड्यांत संपतात. त्यानंतर हेमिसेल्युलोज आणि सेल्युलोजची पाळी येते, आणि लिग्निन हा चिवट भाग अगदी शेवटी, मुख्यतः पांढरी कूज करणाऱ्या बुरशींच्या हातून फुटतो. उसाच्या पानात लिग्निनबरोबर सिलिकाही बरीच असते आणि पानाच्या पृष्ठभागावर मेणाचा थर असतो, त्यामुळे सोयाबीनच्या काडाच्या तुलनेत ते मुळातच सावकाश कुजते. त्यात आपण वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, जनावरांसाठी तोडून नेतो. हिरव्या वाढ्यात नत्र अधिक असते, त्यामुळे रानात जे उरते ते पाचटाच्या गंजीतले सर्वांत निकृष्ट अन्न असते, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे. सकाळी ऊन चढण्यापूर्वी रानात जावे आणि किमान तीन ठिकाणी, म्हणजे पाण्याच्या तोंडाजवळ, मध्यावर आणि शेवटच्या टोकाला, सरीतील पाचट थराथराने उचलून पाहावे. मधल्या थरातील मूठभर पाचट घट्ट दाबले असता तळहात ओला व्हावा, पण थेंब गळू नये. हा ओलावा साधारण 50 ते 60 टक्के असतो आणि कुजण्यासाठी तोच योग्य असतो. पान मोडताना कडकन आवाज आला तर तेथे काहीही घडत नाही असे समजावे. पान वाकते, पण ओढून तुटत नाही, तर साखरा संपल्या आहेत आणि सेल्युलोज अजून शाबूत आहे. चिमटीत चोळल्यावर त्याचे तंतू सुटे होत असतील, तर काम मार्गी लागले आहे. तळाच्या थरातून पहिल्या पावसानंतर येतो तसा मातीचा वास येत असेल तर तो ॲक्टिनोमायसिटीसच्या वाढीचा वास होय. पानांना जोडून ठेवणारे पांढरे धागे दिसले तर घाबरू नये आणि त्यावर बुरशीनाशक तर मुळीच फवारू नये, कारण पाचट कुजविणारी बुरशी तीच आहे. हे सांगावे लागते, कारण मी स्वतः पहिल्या वर्षी ते धागे रोगाचे समजून कार्बेन्डाझिमचा पंप घेऊन निघालो होतो.

या तपासणीत सर्वाधिक वेळा जे आढळते ते असे की तळाचे दोन बोटे पाचट काळपट आणि मऊ झालेले आहे आणि त्यावरचे वीतभर पाचट कोरडे आहे. अशा रानात संवर्धक, युरिया, जमीन यांपैकी कोणाचाही दोष नसतो. तळाचे पाचट कुजते याचाच अर्थ सूक्ष्मजीव उपस्थित आहेत. वरच्या थराला केवळ माती आणि ओल मिळत नाही. फेब्रुवारीच्या मध्यानंतर आपल्याकडे हवा कोरडी होते आणि उन्हाचा ताप वाढतो, त्यामुळे सैल पडलेले पाचट पाणी दिल्यानंतर एक-दोन दिवसांत पुन्हा वाळते. ठिबकवरील रानात तर ही अडचण आणखी ठळक होते, कारण नळी बुडख्यांच्या ओळीत असते आणि पाचट दोन ओळींच्या मधल्या सरीत असते. तेथे पाऊस पडेपर्यंत पाण्याचा थेंब पोहोचत नाही. ठिबक असलेल्या ज्या शेतकऱ्यांनी ‘संवर्धकाचा उपयोग झाला नाही’ असे मला सांगितले, त्यांच्यापैकी बहुतेकांनी ते संवर्धक कोरड्या पाचटावर शिंपडून तसेच सोडले होते. पाटाने पाणी देण्याची सोय असेल तर अशा रानात पाचट बसेपर्यंत दोन-तीन पाणी सरीतून द्यावे, आणि सोय नसेल तर पाचट मेअखेरपर्यंत आच्छादन म्हणूनच राहणार आहे हे मान्य करावे. आच्छादन म्हणून राहिलेले पाचटही वाया जात नाही. ते बाष्पीभवन रोखते आणि तण दाबते, आणि पावसाळ्याच्या पहिल्या महिन्यात झपाट्याने खाली बसते. मात्र ते कुजले आहे असे गृहीत धरून खताचा हिशेब करू नये.

मातीशी संपर्क वाढविण्याचे दोन उपाय आहेत: पाचटाचे तुकडे करणे आणि त्यावर माती टाकणे. हार्वेस्टरने तोडलेल्या रानात पाचट तुकड्यांच्या स्वरूपात सारखे पसरते, म्हणून ते लवकर बसते; टोळीने तोडलेल्या रानात पान अखंड राहते आणि जागोजागी ढीग पडतात. कुट्टी यंत्र फिरविल्याने तुकडे आखूड होतात एवढेच नव्हे, तर पानाची मेणाची साल चिरडली जाते आणि बुरशीला आत शिरायला हजारो वाटा मिळतात. ही युक्ती जुनी आहे. इंदूरच्या संशोधन संस्थेत 1924 ते 1931 या काळात अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी कंपोस्टची पद्धत बसविली, तेव्हा कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या काड्या आधी शेतातील रस्त्यांवर पसरल्या जात, बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या चेचल्या जात आणि मगच खतासाठी घेतल्या जात. यंत्र भाड्याने घेणे परवडत नसेल तर सरीतील पाचट पायाने तुडवून पहिले पाणी द्यावे आणि वाफसा येताच वरंब्याच्या बगलेची थोडी माती त्यावर ओढावी. दोन बोटे माती पडली तरी फरक दिसतो, कारण माती ओल धरून ठेवते आणि लाखो कुजविणारे जीव सोबत घेऊन येते. पाचट सरीत लोटताना ते बुडख्यांवर राहणार नाही याची काळजी घ्यावी. बुडखे उघडे राहिले आणि जमिनीलगत छाटले तरच कोंब जमिनीखालून जोमाने फुटतात. पाचट ठेवलेल्या रानात फुटवा मागे राहण्याचे कारण कित्येकदा कुजण्याशी संबंधित नसतेच, बुडखे पाचटाखाली दबलेले असतात एवढेच.

यानंतर नत्राकडे यावे, कारण पिवळेपणाचे मूळ बहुधा येथे सापडते. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघते. 10 टन धरले आणि त्यात 40 टक्के कर्ब (कार्बन) मानला तर 4,000 किलो कर्ब होतो. नत्राचे प्रमाण 0.45 टक्के धरले तर नत्र 45 किलो होते. म्हणजे कर्ब आणि नत्र यांचे गुणोत्तर जवळपास 90 ला 1 येते. सूक्ष्मजीवाच्या शरीरात हेच गुणोत्तर साधारण 8 ला 1 असते. तो जेवढा कर्ब खातो त्यातील सुमारे दोन-तृतीयांश श्वासावाटे कर्बवायू म्हणून सोडून देतो आणि एक-तृतीयांश शरीरात ठेवतो. या हिशेबाने त्याला 24 ला 1 च्या आसपास गुणोत्तर असलेले अन्न लागते. त्याहून कमी नत्राचे अन्न समोर आले की तो उरलेले नत्र मातीतून उचलतो, आणि मातीतील नत्र उचलण्यात तो उसाच्या मुळांपेक्षा चपळ असतो. वरील 4,000 किलो कर्बातील एक-तृतीयांश, म्हणजे सुमारे 1,330 किलो कर्ब त्याच्या शरीरात जायचा असेल तर 165 किलोच्या आसपास नत्र लागेल, आणि पाचटात आहे केवळ 45 किलो. उरलेले 120 किलो कोठून तरी यावे लागते. प्रत्यक्षात एवढी मोठी मागणी एकदम येत नाही, कारण सर्व पाचट एकाच वेळी खाल्ले जात नाही, आणि मेलेल्या सूक्ष्मजीवांतील नत्र पुढच्या पिढ्या पुन्हा वापरतात. म्हणूनच टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो संवर्धक ही शिफारस पुरेशी ठरते. 10 टनांसाठी 80 किलो युरिया, म्हणजे सुमारे 37 किलो नत्र. एकराच्या भाषेत हे 32 किलो युरिया, 40 किलो सुपर फॉस्फेट आणि 4 किलो संवर्धक होते.

चूक होते ती यापुढे. हा युरिया उसाचा नाही. तो पाचट खाणाऱ्यांचा आहे, आणि पहिले काही आठवडे तो त्यांच्याच शरीरात अडकून राहणार आहे. तरीही ‘पाचटावर युरिया टाकलाच आहे’ म्हणून खोडव्याच्या पहिल्या हप्त्यातून तेवढा युरिया वजा करणारे शेतकरी मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांचाच खोडवा पिवळा पडलेला असतो. अडकलेले नत्र बुडत नाही. पाचटाचे गुणोत्तर उतरत गेले की पावसाळ्यात ते हळूहळू मोकळे होते आणि उसाला मिळते. पण फुटव्याच्या काळात उसाला स्वतःचे नत्र वेगळे आणि वेळेवर मिळाले पाहिजे. दुसरी चूक खत देण्याच्या पद्धतीत असते. उसाच्या हप्त्याचे खत पाचटावर फोकून दिले तर दोन्ही बाजूंनी नुकसान होते: एक भाग सूक्ष्मजीव उचलतात, आणि पाचटावर युरिएझ हे विकर मुबलक असल्यामुळे दुसरा भाग अमोनिया होऊन हवेत जातो. म्हणून उसाचा हप्ता पहारीने द्यावा. बुडख्यापासून 10 ते 15 सेंटिमीटर अंतरावर, 10 ते 15 सेंटिमीटर खोल छिद्र घेऊन त्यात खत टाकावे आणि दोन छिद्रांत फूटभर अंतर ठेवावे. पहिला हप्ता तोडणीनंतर 15 दिवसांच्या आत आणि दुसरा 135 दिवसांच्या सुमारास द्यावा. पहारीला मजूर मिळत नाहीत ही तक्रार खरी आहे, परंतु पाचट ठेवायचे आणि खत फोकायचे असेल तर पिवळा खोडवा पाहण्याची तयारी ठेवावी. पाचटासाठीचा युरियाही टाकल्याबरोबर पाणी द्यावे, दोन दिवसांनी नव्हे.

येथे एक फसवी गोष्ट आहे. पिवळेपणा दिसला की युरियाचे पोते फोडण्यापूर्वी कोणते पान पिवळे आहे ते पाहावे. नत्राची कमतरता असेल तर आधी खालची, जुनी पाने सारखी फिकट होतात, कारण ऊस त्यांच्यातील नत्र काढून नव्या पानांना देतो. कोवळी वरची पाने पिवळी-पांढरी पडून शिरा मात्र हिरव्या राहिल्या असतील, तर तो केवडा आहे, म्हणजे लोहाची कमतरता आहे, आणि चुनखडीच्या जमिनीत खोडव्यावर ती लावणीच्या उसापेक्षा जास्त दिसते. केवड्यावर युरिया टाकून काही साधत नाही. फेरस सल्फेटची अर्धा टक्का तीव्रतेची फवारणी करावी, आणि पुढच्या वर्षासाठी हेक्टरी 25 किलो फेरस सल्फेट कुजलेल्या शेणखतात पाच-सहा दिवस मुरवून मुळांजवळ द्यावे. पाचटाला दोष देऊन पेटविलेली निदान काही राने तरी प्रत्यक्षात केवड्याची होती, असा माझा अंदाज आहे.

कोरडेपणाच्या अगदी उलट स्थितीही भारी काळ्या जमिनीत आढळते. सरीत पाणी साचून राहते, पाचट काळे आणि बुळबुळीत होते, उचलताच आंबूस किंवा कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तेथे प्राणवायू संपलेला असतो. प्राणवायूशिवाय काम करणारे जिवाणू पाचट फोडतात खरे, पण सावकाश, आणि सेंद्रिय आम्ले, मिथेन व हायड्रोजन सल्फाइड मागे सोडतात. त्यांतील आम्ले आणि सल्फाइड कोवळ्या मुळांना मारक ठरतात. शिवाय जमिनीतील नायट्रेट वायुरूपाने उडून जाते, त्यामुळे ऊस पिवळा पडतो. अशा रानात पाण्याच्या पाळ्यांतील अंतर वाढवावे, एकाआड एक सरीत पाचट ठेवून मोकळ्या सरीतून पाणी द्यावे आणि चर काढून निचरा सुधारावा. येथे अधिक युरिया किंवा अधिक संवर्धक टाकणे म्हणजे नुसता खर्च आहे.

एवढे सगळे तपासूनही शंका उरली, तर एक स्वस्त चाचणी आहे आणि ती मी सर्वांना करायला सांगतो. मच्छरदाणीच्या जाळीच्या वीतभर लांबीच्या आठ पिशव्या शिवाव्यात. प्रत्येकीत उन्हात कडक वाळविलेले 50 ग्रॅम पाचट भरावे. दोन पिशव्या पाचटाच्या वरच्या थरात ठेवाव्यात, दोन पिशव्या तीन इंच खोल मातीत पुराव्यात, दोन मातीतच पण युरियाच्या पाण्यात बुडवून पुराव्यात, आणि उरलेल्या दोन युरियाबरोबर संवर्धक लावून पुराव्यात. जागेवर खुंटी ठोकावी, नाहीतर पिशव्या सापडत नाहीत. 60 दिवसांनी काढून, चिकटलेली माती पाण्याने हलकेच धुऊन, पुन्हा कडक वाळवून वजन करावे. माती धुतली नाही तर वजन वाढलेले दिसते आणि माणूस चक्रावतो. पुरलेले पाचट घटले आणि वरचे तसेच राहिले, तर अडचण ओल व संपर्काची आहे. युरियाच्या पिशव्यांत घट स्पष्टपणे जास्त असेल, तर नत्र कमी पडते आहे. संवर्धकाच्या पिशव्यांत त्याहूनही अधिक घट दिसली, तर संवर्धकावरचा खर्च आपल्या रानात कारणी लागतो आहे. कोणत्याच पिशवीत फारशी घट नसेल, तर माती-पाण्याची क्षारता तपासून घ्यावी. चोपण (सोडियम जास्त असलेल्या) आणि खारवट जमिनीत सूक्ष्मजीवांची संख्याच रोडावलेली असते आणि तेथे पाचटाआधी जमिनीवर उपचार करावे लागतात.

संवर्धकाविषयी आता बोलता येईल. त्याचा उपयोग नाही असे माझे म्हणणे नाही. कुट्टी केलेल्या, ओल्या पाचटावर ते काम वेगाने सुरू करते. पण ते जिवंत असते, आणि दुकानाच्या पत्र्याखाली उन्हात महिनोन् महिने पडलेल्या पिशवीत जिवंत काय उरले असेल याचा विचार करावा. उत्पादनाची तारीख पाहावी, पिशवी सावलीत ठेवावी, शेणकाल्यात किंवा ओलसर शेणखतात मिसळून संध्याकाळी टाकावी, आणि बुडख्यांवर बुरशीनाशक फवारले असेल तर त्याच दिवशी संवर्धक टाकू नये. युरिया व सुपर फॉस्फेट आधी पाचटावर पसरावे आणि संवर्धक नंतर, पण खताच्या पोत्यात एकत्र कालवून नव्हे. गाझियाबादच्या राष्ट्रीय सेंद्रिय शेती केंद्राने (आताचे राष्ट्रीय सेंद्रिय व नैसर्गिक शेती केंद्र) काढलेले वेस्ट डिकंपोजर हे कुजविणारे संवर्धक वापरणाऱ्यांनी 200 लिटर पाण्यात 2 किलो गूळ घालून द्रावण सावलीत वाढवावे आणि ते ओल्या पाचटावरच सोडावे. भाताच्या पेंढ्यासाठी दिल्लीच्या पुसा संस्थेने काढलेल्या कॅप्सूलबद्दल ऐकलेले 20-25 दिवस उसाच्या पाचटाला लावू नयेत. पेंढा आणि पाचट यांचा चिवटपणा सारखा नाही, आणि ओल असूनही पाचटाला साडेतीन-चार महिने सहज लागतात.

काणी, गवताळ वाढ किंवा लाल कूज हे रोग मोठ्या प्रमाणात असलेल्या प्लॉटला मात्र यातले काहीच लागू नाही. तेथे खोडवाच ठेवू नये.

शेवटची तक्रार माती परीक्षणाच्या अहवालाची असते: ‘पाचट दोन वर्षे ठेवले, तरी सेंद्रिय कर्ब होता तेवढाच आहे.’ यातही दोष शोधण्यापूर्वी हिशेब करावा. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या 15 सेंटिमीटर थराचे वजन अंदाजे 20 लाख किलो असते, त्यामुळे कर्ब 0.1 टक्क्याने वाढायला 2,000 किलो कर्ब मातीत टिकावा लागतो. 10 टन पाचटातील 4,000 किलो कर्बापैकी बहुतेक भाग श्वासावाटे निघून जातो. त्यातील 15 ते 20 टक्के टिकला असे धरले तर वर्षाला 600 ते 800 किलो, म्हणजे 0.03 ते 0.04 टक्के वाढ होते. एवढा फरक दोन नमुन्यांमधील नेहमीच्या चढउतारात हरवून जातो. म्हणून तीन-चार वर्षांच्या अंतराने, त्याच महिन्यात, त्याच खोलीवरून आणि प्लॉटच्या त्याच आठ-दहा ठिकाणांहून नमुना घ्यावा, आणि मातीतील न कुजलेले पाचटाचे तुकडे वेचून काढूनच तो प्रयोगशाळेत द्यावा.